यंत्राचे दप्तर : हार्डवेअर-वर्णनाच्या संहितेची पडताळणी आणि तिचा इतिहास

सारांश

संगणकात कोणते सुटे भाग आहेत आणि ते परस्परांशी कसे जोडलेले आहेत, याची नोंद संगणकप्रणालीला कोठून तरी मिळावी लागते. या नोंदीला प्रस्तुत शोधनिबंधात 'यंत्राचे दप्तर' असे म्हटले आहे. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीत नव्या लॅपटॉपचा समावेश करताना अशा नोंदीची जी जाहीर पडताळणी होते, तिचा ऐतिहासिक विकास येथे तपासला आहे. महाराष्ट्रातील खैराट-धनगरवाडा येथील २००७ चा प्रयोग आणि आयआयटी मुंबईकडे आलेला 'आकाश' टॅबलेटचा उपक्रम या दोन उदाहरणांच्या आधारे, यंत्राचे आयुष्य त्याच्या सुट्या भागांइतकेच त्याच्या नोंदीच्या खुलेपणावर अवलंबून असते, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : डिव्हाइस ट्री, ओपन फर्मवेअर, लिनक्स, एआरएम लॅपटॉप, फेरफार, पडताळणी.

१. प्रस्तावना

प्रस्तुत लेखक इतिहासाचा अध्यापक आहे, संगणकशास्त्राचा नव्हे. या विषयाकडे वळण्याचे निमित्त अगदी साधे घडले. कळंबा येथे माझ्याकडे एका सहकाऱ्याने नवीन एआरएम प्रोसेसर असलेला लॅपटॉप आणला. जुन्या लॅपटॉपवर आम्ही जसे करीत होतो, त्याप्रमाणे पेनड्राईव्हवरून लिनक्स सुरू करण्याचा प्रयत्न केला. पडदा काळाच राहिला. यंत्र नवे होते, त्यातील प्रत्येक भाग चालू स्थितीत होता, मूळची प्रणाली विनातक्रार चालत होती. दोष यंत्रात नव्हता आणि लिनक्समध्येही नव्हता. त्या विशिष्ट यंत्राची नोंद आमच्याकडील लिनक्सच्या आवृत्तीत नव्हती, एवढेच. काही महिन्यांनी नवी आवृत्ती घातल्यावर तोच लॅपटॉप सुरू झाला. पडदा उजळला, कळफलक चालू लागला, आवाज मात्र आला नाही. मधल्या काळात कोणीतरी ती नोंद लिहिली होती, कोणीतरी ती तपासली होती आणि ध्वनीची नोंद अद्याप मंजूर व्हावयाची होती.

एखादी वस्तू प्रत्यक्षात अस्तित्वात असावी, पण दप्तरी नोंद नसल्यामुळे ती असून नसल्यासारखी व्हावी, हा अनुभव महाराष्ट्रातील शेतकऱ्याला नवा नाही. जमीन कसतो आहे, पण सातबाऱ्यावर नाव नाही, अशी माणसे प्रत्येक गावात भेटतात. यंत्राच्या बाबतीतही हेच घडते, हे लक्षात आल्यावर नोंद कोण करतो, ती कोण तपासतो आणि ती कोणाच्या ताब्यात राहते, हे इतिहासाच्या अभ्यासकाला परिचित असलेले प्रश्न येथेही विचारता येतील असे वाटले.

२. उद्दिष्टे, गृहीतक व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) हार्डवेअर-वर्णनाच्या पद्धतीचा विकास थोडक्यात मांडणे, (२) महाराष्ट्रातील दोन उपक्रमांच्या संदर्भात या पद्धतीचे महत्त्व तपासणे, (३) नव्या लॅपटॉपच्या नोंदीची पडताळणी कशी होते, हे अ-तांत्रिक अभ्यासकांना समजेल अशा रीतीने स्पष्ट करणे.

'जे वर्णन खुले असते व ज्याची जाहीर पडताळणी झालेली असते, ते वर्णन यंत्राच्या उत्पादकापेक्षा अधिक काळ टिकते' हे या अभ्यासाचे गृहीतक आहे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला असून, तुलनेसाठी महाराष्ट्रातील जमीन-महसुलाच्या दप्तराचा आधार घेतला आहे.

३. पूर्वपीठिका : मोजणी, नोंद आणि पडताळणी

नोंद चुकली तर काय होते, याचा धडा मुंबई इलाख्याने एकोणिसाव्या शतकात घेतला. पेशवाईच्या अस्तानंतर पुणे जिल्ह्यात रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२७ नंतर जमीन-मोजणीचे काम हाती घेतले. प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा ठरवावा, असे त्याचे तत्त्व होते. तत्त्व कागदावर निर्दोष होते. परंतु मोजणीची आकडेवारी चुकीची आणि कित्येक ठिकाणी बनावट निघाली. तिच्यावर आधारलेला सारा रयतेला झेपेना. जमिनी ओस पडू लागल्या आणि ती पद्धत सोडून द्यावी लागली.

त्यानंतर १८३५-३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने सुरुवात केली. त्यांच्या पद्धतीची सूत्रे १८४७ च्या संयुक्त अहवालात ग्रथित झाली. शेत हा नोंदीचा कायम घटक, प्रत्येक शेताला क्रमांक, प्रतवारीचे ठरीव नियम आणि खालच्या कर्मचाऱ्याने केलेल्या कामापैकी काही भाग वरिष्ठाने स्वतः पुन्हा मोजून पाहणे, ही या पद्धतीची अंगे होती. प्रिंगल आणि विंगेट यांच्यातील फरक मोजणीच्या साखळीत नव्हता. नोंदीचा नमुना किती सुटसुटीत आहे आणि लिहिलेली नोंद दुसरा कोणी तपासतो की नाही, यात तो होता.

हीच परंपरा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्येही पुढे चालू राहिली. हक्कात बदल झाला की तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घालतो, चावडीवर ती प्रसिद्ध करतो, संबंधितांना नोटीस देतो. हरकत आल्यास तिची वेगळी नोंद होते आणि मग मंडळ अधिकारी किंवा तत्सम सक्षम अधिकारी नोंद प्रमाणित करतो. लिहिणारा एक व प्रमाणित करणारा दुसरा, मध्ये हरकतीला मोकळी जागा, असा हा क्रम आहे. पुढील विवेचनात तो पुन्हा आठवावा लागेल.

४. ओपन फर्मवेअरपासून डिव्हाइस ट्रीपर्यंत

यंत्राने स्वतःचे वर्णन स्वतः बाळगावे, ही कल्पना १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत मूर्त झाली. मिच ब्रॅडली या अभियंत्याने फोर्थ या भाषेत यंत्रारंभाची संहिता तयार केली. १९८९ च्या स्पार्कस्टेशन संगणकात ती 'ओपनबूट' या नावाने आली. यंत्र सुरू होताच ही संहिता आतील भागांचा एक वृक्ष तयार करी. मुळाशी संगणक, फांद्यांवर संदेशवहनाचे मार्ग, पानांवर चकती, जाळे-पत्र, कळफलक यांसारखी उपकरणे आणि प्रत्येकाजवळ त्याचे गुणधर्म, अशी त्याची रचना होती. १९९४ मध्ये या पद्धतीला आयईईई १२७५ हे मानक लाभले व ती 'ओपन फर्मवेअर' या नावाने ओळखली जाऊ लागली. ॲपलच्या पॉवरपीसी संगणकांनीही ती स्वीकारली.

इंटेलच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या संगणकांचा मार्ग वेगळा होता. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये 'एसीपीआय' हे मानक जाहीर केले. त्यानुसार यंत्राचे कोष्टक उत्पादकच चिपमध्ये भरून देतो. आपल्या महाविद्यालयांतील बहुतेक संगणक या प्रकारचे असल्याने त्यांवर लिनक्स घालताना वेगळ्या वर्णनाची गरज सहसा भासत नाही.

मोबाइल फोन आणि छोट्या उपकरणांत वापरल्या जाणाऱ्या एआरएम प्रोसेसरच्या जगात मात्र असे कोणतेही सार्वत्रिक कोष्टक नव्हते. प्रत्येक फलकासाठी लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, एक स्वतंत्र संहिता-फाइल लिहिली जाई. वर्णन आणि कृती एकमेकांत मिसळलेली असत. प्रत्येक शेताचा सारा ठरवण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा, तसे हे होते. या फाइलींचा ढीग इतका वाढला की मार्च २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी एआरएम विभागाच्या कारभारावर जाहीरपणे तीव्र नापसंती व्यक्त केली.

उपाय मात्र आधीच तयार होता. २००५ मध्ये पॉवरपीसी विभागाची पुनर्रचना करताना बेंजामिन हेरेनश्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओपन फर्मवेअरच्या वृक्षाचे एक सपाट, फाइलरूपी स्वरूप प्रचारात आणले होते. हीच 'डिव्हाइस ट्री' होय. ज्या यंत्रात ओपन फर्मवेअर नाही, त्यालाही ही फाइल बाहेरून देता येत होती. ग्रँट लाइकली यांच्या पुढाकाराने २०११ पासून ही पद्धत एआरएमसाठी रुजली. त्याच वर्षी आर्न्ड बर्गमन आणि ओलोफ योहानसन यांनी एआरएम-यंत्रांच्या बदलांसाठी एक सामाईक संकलनव्यवस्था उभी केली. वर्णन संहितेपासून वेगळे झाले आणि म्हणूनच त्याची स्वतंत्र पडताळणी शक्य झाली.

५. खैराट-धनगरवाडा : वर्णन सोबत घेऊन आलेला लॅपटॉप

या इतिहासाचा एक धागा थेट रायगड जिल्ह्यात येतो. निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी २००५ मध्ये जाहीर केलेल्या 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' या योजनेत सहभागी होण्यास केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये नकार दिला. तरीही या योजनेचा भारतातील पहिला प्रायोगिक प्रकल्प २००७ च्या उत्तरार्धात कर्जत तालुक्यातील खैराट-धनगरवाडा येथील एकशिक्षकी शाळेत सुरू झाला. हाती येणारी मुले वीस-बावीस, वीजपुरवठा बेभरवशाचा आणि समोर हिरव्या-पांढऱ्या रंगाचा एक्सओ-१ हा लॅपटॉप, असे त्या वर्गाचे चित्र होते.

या उपक्रमाच्या शैक्षणिक यशापयशाची चर्चा पुष्कळ झाली आहे. ती येथे अभिप्रेत नाही. इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट वेगळी आहे. एक्सओ-१ मध्ये एएमडीचा ४३३ मेगाहर्ट्झ वेगाचा जिओड प्रोसेसर, २५६ मेगाबाइट स्मृती आणि १ गिगाबाइट साठवण होती. त्या काळीही ही सामग्री तुटपुंजीच मानली जाई. परंतु हा लॅपटॉप सुरू होताना जी संहिता प्रथम चाले, ती मिच ब्रॅडली यांनीच या यंत्रासाठी सिद्ध केलेले ओपन फर्मवेअर होते आणि ते खुल्या परवान्याखाली उपलब्ध होते. म्हणजे धनगरवाड्यातील मुलांच्या मांडीवर असलेले यंत्र स्वतःचा संपूर्ण उपकरणवृक्ष सोबत बाळगत होते. २०१०-११ च्या सुमारास हा वृक्ष लिनक्सच्या कर्नेलला थेट वाचता यावा, अशी सोयही मुख्य संहितेत झाली.

याच मालिकेतील नंतरचा एक लॅपटॉप, एक्सओ-१.७५, एआरएम जातीच्या मार्व्हेल प्रोसेसरवर आधारित होता. मूळ योजनेचा जोर २०१४ पर्यंत ओसरला. साधारणतः येथे अशा यंत्राचा इतिहास संपतो. परंतु २०१९-२० च्या सुमारास लुबोमीर रिंटेल या विकासकाने एक्सओ-१.७५ ची डिव्हाइस ट्री व तिला लागणारे चालक मुख्य लिनक्समध्ये समाविष्ट करून घेतले. यंत्राचे उत्पादन थांबल्यानंतर, त्यामागची संस्था मागे हटल्यानंतर ही नोंद मंजूर झाली. ओपन फर्मवेअरची संहिता खुली होती, जुन्या कर्नेलची संहिता खुली होती. त्यामुळे नव्याने वर्णन लिहिणाऱ्याला आधार मिळाला. दप्तर सुरक्षित असल्यास वारसाला नोंद करून घेता येते, त्यातलाच हा प्रकार होय.

६. 'आकाश' : वर्णनाच्या दोन लिपी

दुसरे उदाहरण पवईचे आहे. केंद्र शासनाच्या अल्पदरातील टॅबलेटची पहिली आवृत्ती ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत सादर झाली. तिच्यावर टीका झाल्यानंतर उपक्रमाची सूत्रे २०१२ मध्ये आयआयटी मुंबईकडे आली. तेथे प्रा. दीपक फाटक यांच्याकडे समन्वयाची जबाबदारी होती. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी, राष्ट्रीय शिक्षण दिनी, तत्कालीन राष्ट्रपती प्रणब मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश-२' चे उद्घाटन झाले. शासनासाठी त्याची किंमत २,२६३ रुपये आणि विद्यार्थ्यासाठी अनुदानित किंमत १,१३० रुपये ठेवण्यात आली होती. सात इंची पडदा, ५१२ मेगाबाइट स्मृती, १ गिगाहर्ट्झ वेगाचा ऑलविनर ए१३ हा प्रोसेसर आणि अँड्रॉइड ४.० ही प्रणाली, असे त्याचे स्वरूप होते.

आयआयटी मुंबईतील गटाने या टॅबलेटवर जीएनयू/लिनक्सही चालवून दाखवले आणि त्या कामाची संहिता खुली ठेवली. या ठिकाणी वर्णनाचा प्रश्न उभा राहतो. ऑलविनर कंपनीच्या त्या काळातील कर्नेलमध्ये डिव्हाइस ट्री नव्हती. कंपनीने स्वतःची वेगळी रीत काढली होती. स्मृतीचा वेग, पडद्याची मापे, स्पर्शपटलाची जोडणी, कोणती पिन कशासाठी, या साऱ्याची नोंद एका साध्या मजकुराच्या फाइलीत करून तिचे द्विमान रूपांतर यंत्रात ठेवले जाई. मूळ मजकुराला फेक्स आणि रूपांतराला स्क्रिप्ट-बिन म्हणत.

वस्तुतः फेक्स आणि डिव्हाइस ट्री यांचा हेतू एकच होता. एकाच गावची एक नोंद मोडीत व दुसरी बाळबोधीत असावी, तसा हा भेद. फेक्समध्ये बदल करणे नवख्यालाही सोपे जाई, हा तिचा गुण होता. पण तिचा नमुना एकाच कंपनीने ठरवलेला होता, नमुन्यावर जाहीर चर्चा झालेली नव्हती आणि ती वाचणारा कर्नेल कंपनीच्या मालिकेपुरता मर्यादित होता. मुख्य लिनक्सने ही लिपी स्वीकारली नाही. दरम्यान, लिनक्स-सनक्सी या स्वयंसेवी समूहाने व मॅक्सिम रिपार्ड आदी विकासकांनी ए१३ या चिपचे वर्णन डिव्हाइस ट्रीत नव्याने लिहिले. फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स ३.८ मध्ये त्याचा प्रारंभिक समावेश झाला. म्हणजे 'आकाश-२' चे उद्घाटन आणि त्यातील चिपची सार्वत्रिक लिपीतील पहिली मान्य नोंद यांत जेमतेम तीन महिन्यांचे अंतर होते.

येथून मिळणारा बोध स्पष्ट आहे. सार्वजनिक पैशातून एक लाख यंत्रे घेताना किंमत, पडदा आणि बॅटरी यांच्या अटी आपण बारकाईने घातल्या. यंत्राचे वर्णन सार्वत्रिक नमुन्यात मिळाले पाहिजे, ही अट मात्र आपल्या विचारकक्षेत नव्हती. चिपची नोंद झाली तरी चिप म्हणजे संपूर्ण यंत्र नव्हे. पडदा, स्पर्शपटल, बॅटरी यांची जोडणी त्या त्या फलकाची असते आणि तिची नोंद यंत्र बाळगणाऱ्यालाच करवून घ्यावी लागते.

७. नव्या लॅपटॉपची नोंद : पडताळणीची पद्धत

एआरएम प्रोसेसर आता पूर्ण लॅपटॉपमध्ये आले आहेत. ॲपलच्या एम१ संगणकांचे प्राथमिक वर्णन २०२१ च्या लिनक्स ५.१३ मध्ये समाविष्ट झाले. क्वालकॉमच्या प्रोसेसरवरील लेनोव्हो थिंकपॅड एक्स१३एस हा लॅपटॉप २०२२ मध्ये आला. जून २०२४ मध्ये स्नॅपड्रॅगन एक्स एलिट मालिकेचे लॅपटॉप बाजारात दाखल झाले आणि त्याच वर्षी लिनक्स ६.११ मध्ये असुस व्हिवोबुक एस१५ व लेनोव्हो योगा स्लिम ७एक्स यांच्या नोंदी झाल्या. या लॅपटॉपमध्ये उत्पादकाचे एसीपीआय कोष्टक असते. परंतु वीजव्यवस्थापनाचा बराच भाग ते विंडोजच्या खास चालकावर सोपवते. त्यामुळे लिनक्सला डिव्हाइस ट्रीच लिहून घ्यावी लागते.

ही नोंद कशी होते? प्रथम 'बाइंडिंग', म्हणजे नोंदीचा नमुना मंजूर करून घ्यावा लागतो. अमुक प्रकारच्या उपकरणाच्या नोंदीत कोणते रकाने असावेत, त्यांपैकी कोणते सक्तीचे, कोणते ऐच्छिक, हे त्यात ठरते. पूर्वी हे नमुने गद्यात लिहिले जात. रॉब हेरिंग यांच्या पुढाकाराने २०१८ च्या अखेरीपासून ते यंत्राने तपासता येतील अशा साच्यात लिहिले जाऊ लागले. त्यामुळे रकाना चुकला तर ते माणसाच्या नजरेआधी साधनाच्याच लक्षात येते. नमुना मंजूर झाल्यावर प्रत्यक्ष यंत्राची नोंद येते. टचपॅड कोणत्या संदेशमार्गावर, कोणत्या पत्त्यावर आहे. स्पर्श झाल्याची वर्दी देणारी तार कोणत्या पिनला जोडली आहे. त्याला वीज कोठून व किती दाबाने मिळते, असे तिचे स्वरूप असते.

लिहिणारा आपली नोंद जाहीर विचारार्थ ठेवतो व खाली स्वाक्षरीवजा ओळ घालतो. ही संहिता देण्याचा मला अधिकार आहे, असे त्यातून तो प्रतिज्ञापूर्वक सांगत असतो. ही प्रथा लिनक्समध्ये २००४ पासून आहे. त्यानंतर कोणीही हरकत घेऊ शकतो. तपासणाऱ्यांच्या हरकती वरवर पाहता क्षुल्लक भासतात : नोंदी पत्त्याच्या क्रमाने लावलेल्या नाहीत, उपकरणाला सर्वसाधारण नाव न देता कंपनीचे नाव दिले आहे, एकाच पत्रकात दोन निरनिराळे बदल केले आहेत. परंतु दप्तराशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना क्रम आणि नमुना यांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

काही हरकती मात्र यंत्राच्या जिवाशी संबंधित असतात. वीजदाबाची कमाल मर्यादा चुकीची लिहिली तर सुटा भाग निकामी होऊ शकतो. काही पिना सुरक्षा-व्यवस्थेसाठी राखीव असतात. त्यांची नोंद 'राखीव' म्हणून केली नाही आणि कर्नेलने त्यांना स्पर्श केला, तर यंत्र तत्काळ कोसळते. गायरान किंवा वहिवाटीचा रस्ता सातबाऱ्यावर न दाखवण्यासारखी ही चूक होय.

या पद्धतीची दोन उदाहरणे विशेष उद्बोधक आहेत. थिंकपॅड एक्स१३एस हे एकच मॉडेल असले तरी उत्पादकाने काही यंत्रांत एका पुरवठादाराचा व काहींत दुसऱ्याचा टचपॅड बसवला होता. दोघांचे पत्ते भिन्न होते. पहिल्या नोंदीने ज्यांचे यंत्र चालले त्यांना ही बाब कळण्याचे कारणच नव्हते. पुढे योहान होव्होल्ड यांनी पर्यायी टचपॅडही चालावा अशी दुरुस्ती केली. एकाच गटाच्या उताऱ्यावर दोन खातेदार असावेत, तशा त्या लॅपटॉपच्या वर्णनात आज दोन टचपॅडच्या नोंदी आहेत. एकाच घरातील एक यंत्र पाहून लिहिलेले वर्णन संपूर्ण मॉडेलचे वर्णन ठरत नाही. म्हणूनच लिहिणारा आणि तपासणारा यांच्या जोडीला 'मी हे माझ्या यंत्रावर चालवून पाहिले' असे सांगणाऱ्या तिसऱ्या माणसाच्या साक्षीलाही या पद्धतीत मान आहे.

दुसरे उदाहरण ध्वनीचे. लॅपटॉपचे छोटे ध्वनिवर्धक प्रमाणाबाहेर आवाज दिल्यास जळू शकतात. मूळ प्रणालीत त्यांच्या रक्षणाची स्वतंत्र व्यवस्था असते. एक्स१३एसच्या बाबतीत ती उपलब्ध नसताना २०२४ च्या आरंभी लिनक्समध्ये आवाजाच्या कमाल पातळीवरच बंधन घातले गेले. हे बंधन वर्णनात न घालता चालक-संहितेत घातले, ही गोष्ट लक्षणीय आहे. वर्णनाने 'काय आहे' तेवढेच सांगावे, 'काय करावे' हे सांगू नये, हा या परंपरेचा मूलभूत दंडक होय. सातबारा पीक कोणते ते सांगतो. कोणते पीक घ्यावे ते सांगत नाही. आमच्या सहकाऱ्याच्या लॅपटॉपमधून बराच काळ आवाज का आला नाही, याचा उलगडा मला येथे झाला. ती दिरंगाई नव्हती, सावधगिरी होती.

येथे आणखी एका नियमाचा उल्लेख आवश्यक आहे. एकदा मान्य झालेला नमुना सहजासहजी बदलता येत नाही. जुन्या वर्णनासह आलेले यंत्र नव्या कर्नेलवरही चालले पाहिजे, अशी अपेक्षा असते. त्यामुळे तपासणारा आज जी ओळ मंजूर करतो, ती पुढील कित्येक वर्षे निभवावी लागणार, हे त्याला ठाऊक असते. पडताळणीतील काटेकोरपणाचे मूळ या जबाबदारीत आहे.

८. पद्धतीच्या मर्यादा

उपरोक्त पद्धत आदर्श आहे असे म्हणण्याचा हेतू नाही. पहिली मर्यादा साधनांची. लॅपटॉपचा जोडणी-नकाशा उत्पादक सहसा प्रसिद्ध करीत नाहीत. मग स्वयंसेवकाला विंडोजसाठी दिलेल्या एसीपीआय कोष्टकांतून पत्ते व पिनांचे क्रमांक शोधून काढावे लागतात. पुसट मोडी कागदावरून वतनाचा क्रम लावणाऱ्या संशोधकाची आणि या माणसाची अडचण एकाच जातीची आहे. दोघांनाही दुसऱ्याच कारणासाठी लिहिलेल्या दप्तरातून आपल्या प्रश्नाचे उत्तर काढावे लागते आणि दोघांच्याही अनुमानाला चुकीचा धोका असतो.

दुसरी मर्यादा मनुष्यबळाची. नमुन्यांची पडताळणी रॉब हेरिंग, क्षिश्तोफ कोझलोव्स्की, कॉनर डूली अशा मोजक्या व्यक्तींवर अवलंबून आहे. क्वालकॉमच्या यंत्रांचा भार ब्योर्न अँडरसन, कोनराड डिब्सिओ आदींवर आहे. नव्या सहभागीला त्यांची उत्तरे त्रोटक आणि कठोर वाटतात. अर्जात त्रुटी म्हणून परत आलेला कागद घेऊन चावडीच्या पायऱ्या उतरणाऱ्याची भावना त्याच्याही मनात येत असणार. मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. येथे कागद का परत केला, हे सर्वांसमक्ष लिहिलेले असते आणि ते कायमचे जतन होते. पुढचा अर्जदार ते वाचून शहाणा होऊ शकतो.

तिसरी मर्यादा आपली आहे. नोंदी लिहिणाऱ्या व तपासणाऱ्या या कामात आपल्या महाविद्यालयांचा सहभाग फारच थोडा आहे. हे काम केवळ संगणकशास्त्राच्या पदवीधराचेच आहे, असे मानण्याचे कारण नाही. स्वतःजवळील यंत्रावर नवी नोंद चालवून पाहणे व निष्कर्ष प्रामाणिकपणे कळवणे, हेही पडताळणीचेच अंग आहे.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) हार्डवेअर-वर्णनाचा इतिहास हा मुख्यतः वर्णनाला कृतीपासून वेगळे करण्याचा इतिहास आहे. हे वेगळेपण आल्यानंतरच त्याची स्वतंत्र पडताळणी शक्य झाली.

(२) प्रिंगलच्या मोजणीचे अपयश आणि २०११ पूर्वीच्या एआरएम विभागातील गोंधळ यांची कारणे पूर्णतः एक नाहीत. तथापि, ठरीव नमुना आणि दुसऱ्याच्या नजरेखालून गेलेली नोंद, हा दोन्हींवरील उपाय समान आहे.

(३) एक्सओ-१.७५ च्या उदाहरणाने प्रस्तुत अभ्यासाचे गृहीतक पुष्ट होते. त्या यंत्राचे वर्णन त्याच्या मूळ योजनेपेक्षा अधिक काळ टिकले. 'आकाश-२' च्या उदाहरणावरून असे दिसते की, खुले काम करण्याची इच्छा व क्षमता असूनही एकाच कंपनीच्या लिपीतील वर्णन यंत्राला त्या कंपनीच्या कर्नेलशी बांधून ठेवते.

(४) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सर्वसाधारण सेवा समाप्त झाली. त्यामुळे प्रयोगशाळांतील सुस्थितीतील संगणक मोडीत काढावेत की त्यांवर दुसरी प्रणाली घालावी, हा प्रश्न अनेक महाविद्यालयांपुढे उभा राहिला. जुन्या यंत्रांबाबत एसीपीआयमुळे हा पर्याय बहुधा सुकर आहे. आज खरेदी होणाऱ्या एआरएम लॅपटॉपबाबत दहा वर्षांनी हाच प्रश्न येईल, तेव्हा उत्तर त्यांच्या नोंदीवर अवलंबून राहील.

यास्तव, सार्वजनिक निधीतून संगणक खरेदी करताना त्या यंत्राचे वर्णन मुख्य लिनक्समध्ये समाविष्ट आहे काय, एवढी एक चौकशी निविदेपूर्वी करावी, अशी नम्र सूचना कराविशी वाटते. या चौकशीला पैसा लागत नाही. जमीन विकत घेण्यापूर्वी उतारा पाहणे आपल्याकडे शहाणपणाचे मानले जाते. यंत्राच्या बाबतीत तेच शहाणपण दाखवल्यास आपल्या प्रयोगशाळांतील कपाटांत पडून राहणाऱ्या, धडधाकट पण बेनोंद यंत्रांची संख्या निश्चितच कमी होईल.